सात-चार म्हणजे चाबी खिशात

माझी नोकरी नेमकी कसली, हे मला माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. बालाघाटच्या आमच्या गल्लीत कुणी विचारलं की त्या बेधडक सांगायच्या, "सून खाणीत जाते. तिथी आकडे लावते." आकडे लावणं म्हणजे काय, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. एक शेजारीण तर कित्येक दिवस मला कोपऱ्यात गाठून हळूच विचारायची, "आज कोनता येईन वो?" पुढे मी खुलासा करायचंच सोडून दिलं, कारण सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी जन्मभर आकडेच लावले, फक्त वाक्यांना लावले.

आमच्या जिल्ह्यात खाणी थोड्या नाहीत, तेव्हा कोणती खाण ते विचारू नका. तिथे एक पुस्तक होतं. त्याचं सरकारी नाव 'सुरक्षा मानक', कामगार त्याला पोथी म्हणायचे. मशीन कसं थांबवायचं, पंप कुणी सुरू करायचा, सुरुंग उडवताना कुणी कुठे उभं राहायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं. ही पोथी कधी पुरी होत नसे. नवं मशीन आलं की चार वाक्यं वाढायची, सरकारचा नवा नियम आला की दोन बदलायची, अपघात झाला की एखादं नवं घुसायचं. मानक विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि मे महिन्यात नुसता आवाज करणारा कूलर. तिथे बसून मी प्रत्येक वाक्याला, म्हणजे आमच्या भाषेत कलमाला, नंबर द्यायची. तो असा द्यायचा की आज कुणी सांगितलेला नंबर दहा वर्षांनी उघडला तरी तेच वाक्य सापडलं पाहिजे.

ह्यात काय मोठंसं, एक-दोन-तीन लिहीत जायचं, असं आमच्या घरातले म्हणायचे. मी त्यांना विचारायची, बारा आणि तेराच्या मध्ये नवं कलम आलं तर? तेराला चौदा करा, चौदाला पंधरा करा, असं शेवटपर्यंत ढकलत नेता येतं. पण भिंतींवर रंगवलेल्या पाट्या, जुनी पत्रं, माणसांच्या डोक्यातलं पाठांतर, हे सगळं तेराकडेच बोट दाखवत राहतं आणि तेराव्या घरात आता भलताच माणूस राहायला आलेला असतो. आमच्या गल्लीत बारा आणि तेरा नंबरच्या मधल्या मोकळ्या जागेवर एकाने घर बांधलं, तर नगरपालिकेने त्याला बारा-बटे-एक दिलं. तेरावाल्याला हलवलं नाही. त्याला आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांना हलवलं असतं, तर आमच्या पोस्टमनने नोकरी सोडली असती. माझं सगळं शास्त्र ह्या बारा-बटे-एकमध्ये आलं.

मी नोकरीला लागले तेव्हा लोक कलमाचा नंबर सांगतच नसत, पान आणि ओळ सांगत. किरनापुरकडचा एक ठेकेदार खाणीला माणसं पुरवायचा. मोठा भांडखोर गडी, पण भांडायचा तो पोथी काखेत मारून. "पेज ग्यारह, लाइन दूसरी!" हा त्याचा मंत्र. त्या ओळीत लिहिलं होतं की हेल्मेट खाणीने द्यायची. मध्यंतरी मोठ्या साहेबांचे डोळे कमजोर झाले म्हणून पोथीची नवी आवृत्ती मोठ्या अक्षरात छापली गेली. ठेकेदाराला त्याचा पत्ता नव्हता. भर बैठकीत त्याने टेबलावर हात आपटला आणि गरजला, "पेज ग्यारह, लाइन दूसरी पढ़िए साहब!" साहेबांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, "शौचालयों की सफाई प्रतिदिन ठेकेदार द्वारा कराई जाएगी."

बैठक हसून लोळली. ठेकेदार बिचारा माझ्याकडे वळून म्हणाला, "मैडम, मेरा हेल्मेट कहाँ गया?" मी त्याला पुढच्या पानांवर ते शोधून दिलं. पण दुसऱ्या दिवसापासून शौचालयं साफ व्हायला लागली हेही खरं. त्यानंतर पान आणि ओळ कायमची बंद झाली आणि सगळे कलमाच्या नंबराने बोलू लागले.

दुसरं भांडण माझं स्वतःचं. पाच-सहा, म्हणजे पाचव्या प्रकरणातलं सहावं कलम, कार्बाइडच्या दिव्यांबद्दल होतं. ते दिवे कधीच मोडीत निघाले होते, म्हणून कलम काढून टाकायचं ठरलं. एका नव्या अधिकाऱ्याला वाटलं, जागा रिकामी झालीच आहे तर मोबाइलबंदीचं नवं कलम तिथेच बसवावं. मी नाही म्हटलं. मेलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, नाहीतर जुन्या पत्रात 'पाच-सहा मोडला म्हणून ताकीद' असं वाचून पुढचा माणूस म्हणेल, कार्बाइडच्या काळातही हे लोक मोबाइलवर बोलत होते. अधिकारी ऐकेनात. तेव्हा मी म्हणाले, "साहेब, आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण आजोबांच्या रेशनकार्डावर नातवाने साखर उचलायची नसते." ते मराठी नव्हते, पण रेशनकार्डाचं त्यांना बरोबर कळलं. पोथीत पाच-सहापुढे 'वगळले' एवढाच शब्द राहिला. अशा 'वगळले'नी माझी पोथी म्हाताऱ्याच्या तोंडासारखी फटी-फटीची दिसायची, पण त्या प्रत्येक फटीचा मला अभिमान होता. नंबरवाली मॅडम हे नाव मला तेव्हाच पडलं.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही. पोथी हिंदीत होती, इंग्रजीत होती, मराठीत कधी निघाली नाही. खाली काम करणारे अर्धेअधिक आपले, कटंगी-लांजीकडचे, घरी मराठी बोलणारे. मराठी प्रत काढू या म्हणून मी लिहून पाठवलं, तर उत्तर आलं की राज्य मध्य प्रदेश आहे. ते मलाही माहीत होतं. त्याची खंत अजून आहे.

आता डोमाजी. खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले ते डोमाजींसाठीच.

डोमाजी कटंगीजवळच्या एका खेड्यातले. घरी धानाची शेती भाऊ पाहायचा, हे खाणीत बेल्टवर फिटर होते. बेल्ट म्हणजे फोडलेला दगड वाहून नेणारा लांबच लांब रबरी पट्टा. त्याच्या खालच्या रोलरमध्ये दगड अडकला की बेल्ट थांबवून कुणीतरी आत शिरून तो काढायचा. त्या काळची रीत अशी, की स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि चाबी पाळीच्या प्रमुखाकडे ठेवायची. एके दिवशी डोमाजी आत असतानाच पाळी बदलली. जाणाऱ्या प्रमुखाने येणाऱ्याच्या हाती चाब्यांचा जुडगा दिला. त्याने विचारलं, सगळे बाहेर ना? कुणीतरी हो म्हटलं आणि बेल्ट सुरू झाला. डोमाजींचा डावा हात कोपरापासून गेला.

नंतर समिती बसली, खूप चर्चा झाली, आणि शेवटी एक कलम लिहिलं गेलं. कागदावर ते तीन ओळींचं हिंदी वाक्य होतं. अर्थ एवढाच, की जो आत जाईल, कुलूप त्याचं आणि चाबी त्याच्याच खिशात, दुसऱ्या कुणाच्याही नाही. बेल्टचं प्रकरण सातवं होतं आणि त्यात आधी तीन कलमं होती. म्हणून मी ह्याच्यापुढे ७.४ लिहिलं. दुसरं काही कारण नव्हतं, पुढचा नंबर तो होता म्हणून.

डोमाजी बरे होऊन परत आले तेव्हा त्यांना टूल रूम दिली. तिथल्या भिंतीवर फळा, फळ्यावर हुक, हुकांना कुलपं. आत जाणाऱ्याने खिडकीवर येऊन कुलूप न्यायचं आणि काम संपल्यावर परत टांगायचं. हुक रिकामा दिसला की समजायचं, कुणीतरी आत आहे. डोमाजींनी त्यात आपली एक पद्धत घातली, जी पोथीत कुठेच नव्हती. माणसाने खिडकीतून हात पुढे केला की ते कुलूप द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "सात-चार?" माणसाने म्हणायचं, "चाबी माह्या खिशात." मग कुलूप मिळायचं. हिंदीवाला असला तर "चाबी मेरी जेब में" चालायचं. साहेब असला तरी सुटका नव्हती. एकदा माझ्यासमोरच एक जुना फिटर वैतागला, "काय डोमाजीभाऊ, रोज रोज तेच पुराण."

डोमाजी शांतपणे म्हणाले, "नको सांगू बाप्पा. हात इथीच ठेवून जा मंग, मी सांभाळतो."

फिटरने मुकाट्याने सांगितलं.

होता होता तो नंबर लोकांच्या तोंडी बसला. बेल्टमध्ये शिरलेला माणूस वॉकीटॉकीवर म्हणायचा, "सात-चार झाला." म्हणजे आम्ही आत आहोत, कुलूप लागलं आहे, हात लावू नका. वरून कंट्रोल रूमवाला म्हणायचा, "हौ, सात-चार." कामगारांच्या घरी बायका कपाटाच्या चाबीला सात-चार म्हणू लागल्या. मी सहज लावलेला आकडा माणसांच्या बोलण्यात शब्द होऊन फिरतो आहे, हे ऐकलं की मला जो आनंद व्हायचा तो पगारवाढीनेही कधी झाला नाही.

डोमाजींच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी मुख्य कार्यालयाने ठरवलं, की सगळ्या राज्यांतल्या आपल्या खाणींना मिळून एकच पोथी असावी. त्या कामासाठी सक्सेना साहेब आले. वय तरुण, स्वभाव गोड, आमच्या कँटीनचा चहा कौतुकाने पिणारा तो बहुधा पहिलाच अधिकारी. त्यांनी संगणकावर नवी पोथी तयार केली. त्यात धूळ आणि फुप्फुसांच्या रोगांबद्दलचं एक नवं प्रकरण होतं, अतिशय गरजेचं. ते त्यांनी तिसऱ्या जागी घातलं. त्यामुळे पुढची सगळी प्रकरणं एकेक घर पुढे सरकली. बेल्ट थांबवण्याचं सातवं प्रकरण आठवं झालं आणि आमचं सात-चार झालं आठ-चार.

तेवढ्यावर निभावलं असतं तर मी कुरकुरत का होईना गप्प बसले असते. पण जुनं सहावं प्रकरण आता सातवं झालं होतं आणि ते होतं मशीन सुरू करण्याचं. त्यातलं चौथं कलम म्हणायचं, सगळे बाहेर आहेत, भोंगा वाजवा आणि सुरू करा. म्हणजे जुन्या पोथीत सात-चार म्हणजे आत माणूस आहे, आणि नव्या पोथीत सात-चार म्हणजे आत कुणी नाही. ते वाचून माझं डोकंच फिरलं. मी कागद घेऊन तशीच सक्सेना साहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

ते म्हणाले, "मैडम, आप चिंता मत कीजिए. सॉफ्टवेयर सारे नंबर अपने आप बदल देगा."

मी म्हटलं, "किताब के बदल देगा. लोगों के मुँह के नंबर कौन बदलेगा?"

ते हसले, पण टिंगलीने नाही. मी त्यांना टूल रूमच्या खिडकीशी घेऊन गेले. पाळी सुरू होत होती. माणसं येत होती, सात-चार म्हणत होती आणि कुलपं नेत होती. साहेबांनी सगळं नीट पाहिलं, डोमाजींना हात जोडले. परत येताना मला म्हणाले, की हे फार सुंदर आहे, पण ह्यांना धुळीचं एक तरी कलम विचारून बघा. ह्यांना एकच नंबर येतो. आणि तुमच्या पोथीत मी नऊ-दोन पाहिलं, मग नऊ-दोन-क, मग नऊ-दोन-ख, मग ख चं एक आणि त्या एकचं अ. नवा मुलगा ह्यात काय शोधणार? मला राग आला, कारण त्या नऊ-दोनमध्ये मीसुद्धा कधीकधी हरवायची. जुन्या नंबरांना धक्का लावायचा नाही म्हणून मी बारा-बटे-एक करत गेले आणि गल्लीत चालायला वाट उरली नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

संध्याकाळी स्टाफ बसची वाट पाहत उभी होते, तर डोमाजी मुद्दाम येऊन भेटले.

"बाई, माहा नंबर बदलवून राह्यले म्हनते. खरं काय?"

"मी बदलू देणार नाही, डोमाजी."

"तुमी भांडान, ते मले मालूम आहे. पन मी तं दिवाळीनंतर घरी चाललो. नंबरही गेला आन् विचारनाराही गेला, तं पोराईले कोन विचारन?" मग म्हणाले, "मनोज बेल्टवरच आहे ना."

मनोज म्हणजे त्यांचा मुलगा. बापासारखाच फिटर, बापाच्याच बेल्टवर. बाप रोज खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पोरांबरोबर त्यालाही तोच प्रश्न विचारायचा आणि त्यालाही उत्तर दिल्याशिवाय कुलूप मिळत नसे. डोमाजींची काळजी नंबराची नव्हतीच, ह्या पोराची होती. ते मला त्या संध्याकाळी कळलं आणि मी आणखी जोर लावून भांडायचं ठरवलं.

माझ्या विरोधाच्या पत्रावर उत्तर आलं, की नवी पोथी थोडे दिवस वापरून पाहू, मग ठरवू. आधी कार्यालयात आणि कंट्रोल रूममध्ये द्यायची, नंतर खाली. कंट्रोल रूममधला ऑपरेटर नवा होता, बाहेरगावचा, अभ्यासू. त्याने दोन दिवसांत नवी पोथी पाठ केली. खाली बेल्टवर मात्र अजून जुनीच होती.

त्या दिवशी सकाळी मी नव्या पोथीचं पान टूल रूममध्ये लावायला गेले होते आणि डोमाजी मला ते लावू देत नव्हते. आम्ही खिडकीच्या दोन बाजूंनी लटकेच भांडत होतो. ते म्हणत होते, आधी मले समजवा, मंग लावा. तेवढ्यात भोंगा वाजला. बेल्ट सुरू होण्याआधी भोंगा होतो, तो दिवसातून कितीदा तरी होतो, माझ्या कानांना त्याची सवय होती. डोमाजींनी मान वळवून फळ्याकडे पाहिलं. मनोजच्या कुलपाचा हुक रिकामा होता.

ते ताडकन उठले. खिडकी तशीच उघडी टाकून बाहेर पडले आणि धावायला लागले. त्या माणसाला मी कधी घाईने चालतानाही पाहिलं नव्हतं. एक रिकामी बाही हलते आहे आणि म्हातारा धावतो आहे, आणि मागून मी निऱ्या हातात धरून. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही.

झालं होतं ते असं. मनोज आणि त्याचे दोन साथीदार आत शिरले आणि मनोजने नेहमीसारखं वॉकीटॉकीवर सांगितलं, "सात-चार झाला." कंट्रोल रूममधल्या मुलाने नव्या पोथीप्रमाणे ऐकलं, की सगळे बाहेर आहेत, सुरू करा. त्याने अगदी नियमाने भोंगा दिला आणि बटण दाबलं. बेल्ट हलला नाही. त्याने पुन्हा दाबलं. तरी नाही. तेव्हा त्याने इलेक्ट्रिशियनला फोन केला, की बेल्ट खराब झालेला दिसतोय. बेल्टला काही झालं नव्हतं. स्विचवर तिघांची कुलपं होती आणि ज्याची चाबी त्याच्याच खिशात होती.

आम्ही पोचलो तेव्हा तिघं बाहेर येत होते. एकजण मातीतच बसला होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते. मनोज उभा होता, पण त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि तो काही केल्या बाहेर काढेना. मला नंतर त्याने सांगितलं, की आत पडल्या पडल्या भोंगा ऐकला तेव्हा त्याने पहिल्यांदा खिसा चाचपला आणि तेव्हापासून मूठ सुटलीच नाही. डोमाजी त्याच्याजवळ गेले. त्यांनी आपला एकुलता हात त्या खिशावर वरून दाबून पाहिला. आत चाबी हाताला लागली असावी. मग ते एवढंच म्हणाले, "पानी पिऊन घे थोडंसं." आणि बापलेक दोघंही दगडावर खाली बसले. मला रडू आवरलं नाही, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

नवी पोथी त्याच तासाला मागे घेतली गेली. सक्सेना साहेब स्वतः बेल्टपाशी आले, तिघांना भेटले, एकही सबब सांगितली नाही. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मी त्यांना सुनवायला खूप काही जमवून ठेवलं होतं, पण तोंड उघडलं नाही. कारण दिवसभर एक गोष्ट माझ्याही मनात घोळत होती. मी प्राणपणाने जपलेल्या नंबरानेच तो भोंगा वाजवला होता. पोरांना वाचवलं ते चाबीने. नंबर बदलला म्हणून घात होत होता हे खरं, पण नंबराने कधी कुणाला वाचवलंही नव्हतं.

मग आम्ही दोघं मिळून डोकं लावायला बसलो, आणि ते दिवस माझ्या नोकरीतले फार चांगले दिवस होते. वाट अगदी शाळेतली निघाली. पोराचा हजेरीचा नंबर दरवर्षी बदलतो, त्याचं नाव बदलत नाही, आणि आई हाक मारते ती नावाने. तसंच प्रत्येक कलमाला दोन ओळखी द्यायच्या. एक जागेचा नंबर, जो प्रकरणं वाढली-घटली की खुशाल बदलावा. दुसरं नाव, समासात ठळक छापलेलं, जे जन्मात बदलायचं नाही आणि कलम मेलं तरी दुसऱ्याला द्यायचं नाही. वॉकीटॉकीवर आणि पाट्यांवर फक्त नाव वापरायचं. त्यामुळे साहेबांचं धुळीचं प्रकरण तिसऱ्या जागी राहिलं आणि माझं नऊ-दोनचं जंगलही साफ झालं. मुख्य कार्यालयाने मान्यता दिली, ह्याचं आम्हा दोघांनाही नवल वाटलं.

नावांसाठी संगणकाने अक्षरं आणि आकडे मिसळलेले सांकेतिक शब्द काढून दिले होते. मी म्हटलं, बेल्टखाली पालथा पडलेला माणूस हे असलं काही बोलणार नाही. शेवटी ठरलं, की ज्या कलमांवर जीव अवलंबून आहे त्यांना साधे शब्द द्यायचे. सात-चारचं नाव ठरवायला आम्ही टूल रूमच्या खिडकीशी गेलो.

"सात-चारच राहू द्या ना," डोमाजी म्हणाले.

"नाही डोमाजी, त्यानेच तर घोळ झाला," असं म्हणताना माझाच जीव तुटत होता.

डोमाजींनी एका हाताने फळ्यावरची कुलपं सारखी केली. सक्सेना साहेब घाई न करता उभे होते.

"मंग चाबी म्हना," डोमाजी म्हणाले. "तेच तं सांगाचं आहे."

साहेबांनी तिथेच लिहून घेतलं. आज ज्या राज्यांत आपली भाषा कुणाला कळत नाही, तिथल्या खाणींच्या पोथीतही त्या कलमाच्या समासात 'चाबी' छापलेलं आहे. तिकडून कुणीतरी फोन करून अर्थ विचारला, तर साहेबांनी त्याला मोठ्या प्रेमाने अर्ध्या हाताची सगळी गोष्ट सांगितली. मराठी प्रत काही निघाली नाही, पण आपला एक शब्द तरी आत शिरला, असं मी म्हणते. हिंदीवाले म्हणतात तो आमचा शब्द आहे. म्हणोत बापडे.

दिवाळी झाली आणि डोमाजींच्या निरोपाचा दिवस आला. हॉलमध्ये शाल, नारळ, खुर्च्या, माइक, सगळं मांडून झालं, साहेब लोक येऊन बसले, पण सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. मला आणायला पाठवलं. डोमाजी इस्त्रीचा सदरा घालून टूल रूमच्या खिडकीतच बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांच्या जागी येणारे बिसेनभाऊ उभे होते. पाळीची कुलपं देऊन झाल्याशिवाय मी उठणार नाही, असं डोमाजींनी सांगून टाकलं. मीही मग तिथेच थांबले.

माणसं एकेक करून येत होती. नवं नाव लागून फार दिवस झाले नव्हते, पण डोमाजींनी आपली जीभ वळवून घेतली होती. "चाबी?" ते विचारायचे. "माह्या खिशात." "मेरी जेब में." शेवटी मनोज आला. त्याने हात पुढे केला.

"चाबी?"

"माह्या खिशात, बाबा."

डोमाजींनी कुलूप त्याच्या हातावर ठेवलं. मनोज गेला. मग बिसेनभाऊंना खिडकीशी बसवून ते उठले, आणि आम्ही दोघं हॉलकडे निघालो. वाटेत मला राहवेना. इतकी वर्षं सांभाळलेला तो नंबर आता कुणाच्याच तोंडी नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं दुःख मलाच होत होतं.

"डोमाजी, सात-चार गेला. वाईट वाटतं का हो?"

ते थांबले. बेल्टकडे जाणाऱ्या मनोजची पाठ अजून दिसत होती.

"मले सात-चार भेटला तो हात गेल्यावर, बाई," ते म्हणाले. "पोराले चाबी भेटली, ते दोनी हात असताना."